'वेस्ट' नावाचा माणूस शोधताना: जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहाचं एक वर्ष

मुलीने गेल्या वाढदिवसाला मला जुन्या ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या एका ऑनलाइन संग्रहाची वर्षभराची वर्गणी भरून दिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही ज्या खेळाडूंच्या गोष्टी आम्हाला लहानपणापासून सांगता, त्यांच्या मूळ बातम्याच वाचा आता." वर्ष संपत आलंय. वर्गणी पुढे चालू ठेवायची का, हे ठरवण्याआधी सेवा कशी आहे ते नीट लिहून काढतोय. जुन्या फुटबॉलचं वेड असलेल्या कुणालातरी उपयोग होईल.

मी बावीस वर्षं रेफरी होतो. मोठ्या लीगमध्ये नाही, सुट्टीच्या दिवशीचे स्थानिक सामने. शिट्टी ठेवून सहा वर्षं झाली. गोल कुणी केला हे मी विसरतो, पण पेनल्टी कुणी बाहेर मारली, चेंडू जवळ असताना कुणी अंग चोरलं, हे मात्र डोक्यातून जात नाही. सट्ट्याच्या जुन्या प्रकरणांकडे मी वळलो तो त्यामुळे. त्यातही माझा जीव अडकतो तो खेळाडूंमध्ये. प्रकरण सगळ्यांना आठवतं. त्या प्रकरणाआधी तो माणूस काय ताकदीचा खेळाडू होता, हे सांगणारे उरले नाहीत. या संग्रहाकडून मला तेच हवं होतं.

वापरायला सोपं आहे. शब्द टाकायचा, वर्षं निवडायची, हवं तर पेपरचं नाव द्यायचं. निकालांची यादी येते, त्यातल्या एकावर टिचकी मारली की अख्खं पान उघडतं. कापून काढलेली बातमी नाही, पूर्ण पान, जाहिरातींसकट. माझ्या मते या सेवेचं सगळं मोल त्या अख्ख्या पानात आहे.

मी सुरुवात केली ती २ एप्रिल १९१५ च्या सामन्यापासून. गुड फ्रायडेचा दिवस, ओल्ड ट्रॅफर्डचं मैदान, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल. युनायटेडने २-० ने जिंकला, दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनचे. गोष्ट मला तोंडपाठ होती. सामना आधीच ठरलेला होता, नेमक्या २-० या निकालावर बुकींकडे एकाला सात असा भाव होता आणि खेळाडूंनी त्यावर पैसे लावले होते. पण तोंडपाठ असणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशीचं पान समोर उघडणं वेगळं. पानाच्या मधोमध घडीची काळी रेघ आहे आणि त्या रेघेने एका ओळीतली चार-पाच अक्षरं खाल्ली आहेत. फुटबॉलचा मजकूर बारीक टाइपात, एका रकान्यात कोंबलेला. बाकी पानभर युद्ध. मी आधी नेहमीप्रमाणे फक्त फुटबॉलचा रकाना मोठा करून वाचला. मग पान पुन्हा लहान केलं, तेव्हा तो रकाना त्या सगळ्या युद्धाच्या मानाने केवढा लहान आहे ते दिसलं, आणि त्या मुलांनी असं का केलं असेल याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. हंगाम संपल्यावर लीग बंद होणार हे दिसत होतं. पगार जाणार होता. पुढच्या वर्षी आपण मैदानात असू की खंदकात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चुकीला मी माफी देत नाहीये. पण हे कारण मला इतक्या वर्षांत कुठल्याही लेखात इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

त्या सामन्यात पॅट्रिक ओ'कॉनेलने युनायटेडची पेनल्टी गोलच्या पार बाहेर मारली. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमने चेंडू आडव्या दांड्यावर आदळवला, तर त्याचेच सोबती त्याच्यावर चिडले. खेळात जीव नाही हे रेफरी जॉन शार्प यांच्या लक्षात आलं होतं. मी त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो. मैदानावर असं काही चाललं असेल तर रेफरीला ते डोळ्यांआधी कानांना कळतं. खरा सामना असला की शेवटच्या वीस मिनिटांत कान किटतात. "हँड!", "रेफ, ऑफसाइड!", "मागे बघ, मागे!" असा नुसता कल्लोळ. ठरवलेल्या सामन्यात कुणी चेंडू मागत नाही, कुणी दाद मागत नाही. मी स्वतः असा एक सामना खेळवलाय. हंगामाचा शेवटचा दिवस होता, एका संघाला फक्त बरोबरी हवी होती. सत्तराव्या मिनिटानंतर मैदान एवढं शांत झालं की माझ्या बुटांचा आवाज मला ऐकू येत होता. रात्री मी अहवालात चार ओळी लिहिल्या. त्यावर मला कुणी कधीच काही विचारलं नाही. त्यामुळे शार्प यांचं नाव छापलेलं दिसलं की मी क्षणभर थांबतो.

आता या सेवेतली खरी अडचण. शोध.

१९१५ च्या डिसेंबरात निकाल लागला. लिव्हरपूलचे शेल्डन, मिलर, पर्सेल आणि फेअरफूल, युनायटेडचे सँडी टर्नबुल, आर्थर व्हॉली आणि इनॉक वेस्ट, या सगळ्यांवर आजन्म बंदी. युनायटेडच्या तिघांपैकी त्या दिवशी मैदानात उतरलेला एकटा वेस्ट. मी निर्दोष आहे असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला, कोर्टात गेला, हरला. मला सगळ्यात जास्त त्याच्याबद्दल वाचायचं होतं. आणि शोधाच्या चौकटीत 'वेस्ट' टाकल्यावर काय येतं? पश्चिमेचा वारा, पश्चिम आघाडी, वेस्ट हॅम, वेस्ट ब्रॉमविच, पश्चिमेकडच्या खोल्या भाड्याने. हजारो निकाल. नावाआधी 'इनॉक' लावून उपयोग नाही, कारण त्या काळी सामन्याच्या बातमीत खेळाडूचं नुसतं आडनाव छापत. पुढे ज्याच्याबद्दल सांगणार आहे त्या १९६२ च्या प्रकरणातल्या 'स्वान'चंही तेच, म्हणजे हंस, शिवाय त्या नावाच्या खानावळी, शिवाय स्वान्सी शहर. १९१५ च्या त्या सातजणांत ज्याच्यावरची बंदी सगळ्यात उशिरा उठली तो वेस्टच शोधायला सगळ्यात अवघड निघाला.

वाट मुलीने काढून दिली. माझ्या खांद्यावरून पाहत होती, म्हणाली, "बाबा, त्याला नका शोधू, त्याच्या शेजारी कोण उभा असायचा त्याला शोधा." त्या काळचे पेपर अकराजणांची नावं जागेनुसार छापायचे, आधी गोलकीपर, मग दोन बॅक, मग तीन हाफबॅक, मग पुढच्या फळीतले पाच. त्यामुळे वेस्टचे सोबती 'मेरेडिथ' आणि 'टर्नबुल' ही दोन नावं एकत्र टाकली की युनायटेडची पुढची फळीच समोर येते आणि तिच्यात वेस्ट उभा असतो. या एका युक्तीने वर्ष वसूल झालं. १९१०-११ चा हंगाम मी असा सामन्यामागून सामना वाचून काढला. युनायटेडने त्या वर्षी लीग जिंकली आणि गोल करणाऱ्यांत वेस्ट पुढे होता. पाच वर्षांनंतर आपलं काय होणार याची त्या बातम्यांत कुठे सावलीसुद्धा नाही. नुसता एक दांडगा फॉरवर्ड, आज गोल, पुढच्या शनिवारी पुन्हा गोल.

टर्नबुलचं वाचताना मात्र मला थांबावं लागलं. १९०९ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा, ब्रिस्टल सिटीविरुद्ध. बंदी आली तेव्हा तो सैन्यात होता, आणि ३ मे १९१७ ला फ्रान्समधल्या अरासच्या लढाईत मारला गेला. १९१९ मध्ये युद्धातल्या सेवेची कदर म्हणून बाकीच्यांची बंदी उठली, टर्नबुलची तो गेल्यावर. वेस्टची नाही उठली. ती उठली १९४५ मध्ये. तीस वर्षांनी, वेस्ट एकोणसाठ वर्षांचा असताना.

आणि ती पेनल्टी बाहेर मारणारा ओ'कॉनेल? त्याच्यावर कधी आरोपच आला नाही. पुढे तो स्पेनमध्ये प्रशिक्षक झाला, १९३५ मध्ये रेआल बेटिसला लीग जिंकून दिली, यादवी युद्धाच्या काळात बार्सिलोना सांभाळलं. एका सामन्यातली दोन माणसं आणि दोन केवढी वेगळी आयुष्यं. मी कुणावर ठपका ठेवत नाही, पण ती पेनल्टी वाचताना मन शांत राहत नाही.

दुसरं प्रकरण, ज्यासाठी मी ही सेवा कुणालाही सुचवीन, ते १९६२ चं. १ डिसेंबर १९६२, इप्सविच टाऊन विरुद्ध शेफिल्ड वेन्सडे. इप्सविच तेव्हाचे लीगविजेते, प्रशिक्षक आल्फ रॅमसी. वेन्सडेच्या पीटर स्वान, टोनी के आणि डेव्हिड लेन यांनी आपलाच संघ हरेल यावर प्रत्येकी पन्नास पौंड लावले होते. मागे सूत्रधार जिमी गॉल्ड, पाय मोडून कारकीर्द संपलेला एक खेळाडू. त्याच दिवशीचे आणखी दोन सामने, लिंकन सिटी-ब्रेंटफर्ड आणि यॉर्क सिटी-ओल्डहॅम, याच सट्ट्यात गुंफलेले होते. इप्सविचने २-० ने जिंकलं, दोन्ही गोल रे क्रॉफर्डचे. तिघांच्या हाती पडले प्रत्येकी शंभर पौंड.

इथे शोध सोपा होता. वेन्सडेचा गोलकीपर रॉन स्प्रिंगेट, आणि हे आडनाव दुसरीकडे सहसा सापडत नाही. 'स्प्रिंगेट' टाकलं की वेन्सडेचे सामने रांगेने उभे. या स्प्रिंगेटचा सट्ट्याशी काडीचा संबंध नव्हता, तो आपला इमाने गोल राखत होता.

त्या सामन्यात मैदानावरचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून 'पीपल' या रविवारच्या पेपरने निवडला तो टोनी के. हरण्यावर पैसे लावलेला के. आणि एप्रिल १९६४ मध्ये सगळं प्रकरण उघडकीला आणलं तेही याच पेपरने, गॉल्डकडून त्याची कहाणी विकत घेऊन. पेपरच्या त्याच नावाखाली दीड वर्षाच्या अंतराने त्याच माणसाचं नाव. मी दोन पानं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावली. तशी सोय या सेवेत आहे, दोन खिडक्या उघडता येतात. बराच वेळ नुसता पाहत बसलो.

के काय खेळाडू होता! लाल केसांचा, टॅकलला जाताना मागेपुढे न पाहणारा हाफबॅक. त्याच डिसेंबरात एव्हर्टनने त्याला घेतलं आणि १९६३ च्या वसंतात एव्हर्टन लीगविजेते झाले. त्या जूनमध्ये तो इंग्लंडकडून बासेलला स्वित्झर्लंडविरुद्ध खेळला, इंग्लंडने ८-१ ने जिंकलं, एक गोल केचा. पहिला आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. स्वान त्याआधीच इंग्लंडकडून १९ सामने खेळलेला सेंटर हाफ, म्हणजे बचावाच्या मधला खेळाडू. इंग्लंडने विश्वचषक जिंकला १९६६ मध्ये, रॅमसींच्याच हाताखाली. त्या संघात स्वान असता, के असता, असं मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यातला एक.

जानेवारी १९६५ मध्ये नॉटिंगहॅमला खटला चालला. गॉल्डने लपवून केलेली संभाषणाची रेकॉर्डिंग कोर्टात वाजवली गेली. गॉल्डला चार वर्षं, तिघांना चार-चार महिने तुरुंगवास. मग फुटबॉलमधून आजन्म बंदी. स्वानने पुढे अनेक वर्षांनी सांगितलं की आम्ही तो सामना सरळ खेळूनच हरलो, पण आम्ही जिंकत असतो तर मी काय केलं असतं हे मला सांगता येणार नाही. मी शिट्टी घेऊन उभा राहिलेला माणूस आहे. इतकं खरं बोलणारा खेळाडू मला बावीस वर्षांत भेटला नाही.

बंदी उठली १९७२ मध्ये. आता सेवेबद्दलची माझी दुसरी तक्रार. बंदी लागल्याच्या बातम्या पहिल्या शोधात धडाधड येतात, कारण मथळे मोठे, आणि मोठी अक्षरं यंत्राला नीट वाचता येतात. बंदी उठल्याची बातमी शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या. छोट्या टाइपातला मजकूर यंत्र चुकीचं वाचतं आणि मग शोधात तो सापडतच नाही. चुकीचं वाचलेलं दुरुस्त करायची सोय वर्गणीदारांना दिलेली आहे, ती चांगली आहे. मी चाळीसेक बातम्या दुरुस्त केल्या. स्वानचं नाव जिथे यंत्राने भलतंच वाचलं होतं तिथे आता ते नीट आहे, पुढच्याला सापडेल. या कामात मला वाचण्याइतकंच समाधान मिळालं.

१९७२ नंतरचं वाचायला विसरू नका. स्वान पस्तिशी उलटताना वेन्सडेच्या शर्टात पुन्हा मैदानात उतरला. लेन क्लबात परतला, पण पहिल्या संघापर्यंत पोचला नाही. के परतलाच नाही. स्वान पुढे मॅटलॉक टाऊन या छोट्या क्लबचा मॅनेजर झाला आणि १९७५ मध्ये वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली, स्कारबरोविरुद्ध ४-० ने. ती बातमी मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवली. तिने विचारलं, "हा तोच ना, तुरुंगात गेलेला?" म्हटलं, "हो, तोच." २०२१ मध्ये तो गेला, ८४ वर्षांचा होऊन.

संग्रह फक्त ब्रिटिश पेपरांचा आहे, त्यामुळे इटलीचं १९८० चं सट्ट्याचं प्रकरण इथे दुरूनच दिसतं. एसी मिलान आणि लाझिओ खालच्या लीगमध्ये ढकलले गेले, पावलो रॉसीला तीन वर्षांची बंदी झाली, ती नंतर दोनवर आली. रॉसी आपण निर्दोष असल्याचं आयुष्यभर सांगत राहिला. इटालियन पेपर वाचायचे असतील तर ही वर्गणी कामाची नाही. पण ५ जुलै १९८२ नंतरची पानं जरूर काढा. ब्राझीलविरुद्ध ३-२, तिन्ही गोल रॉसीचे, बंदी संपून जेमतेम दोन महिने झालेले. विश्वचषकात एकूण सहा गोल, चषक इटलीचा. रॉसीला वेळेवर दार उघडलं. स्वानला सात वर्षांनी, वेस्टला तीस वर्षांनी.

बाकी किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. मोबाइलवर वापरू नका, पान मोठं करताना सारखं सटकतं. मोठ्या स्क्रीनवर उत्तम चालतं. पान उतरवून घेता येतं, पण महिन्याला ठरावीक संख्येपर्यंतच, ते आधी नीट वाचून घ्या. एका अंकाची खालची कड स्कॅनमध्ये कापली गेली होती, नेमकी जिथे सामन्याचा उत्तरार्ध सुरू होतो तिथे. मी कळवलं. अकराव्या दिवशी उत्तर आलं, त्यानंतर महिन्याभराने नवं स्कॅन चढलं. उशीर झाला, पण केलं. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, नको असेल तर तारखेआधी बंद करावी लागते. हे पैसे भरतानाच ठळक लिहायला हवं होतं.

ज्याला फक्त प्रकरणाची गोष्ट हवी आहे त्याने यावर पैसे घालवू नयेत, ती फुकटात कुठेही मिळते. एखाद्या खेळाडूच्या मागे शनिवारमागून शनिवार जायची ज्याची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावी. मात्र पहिले पंधरा दिवस शोधाची सवय होण्यात जातील हे धरून चाला, आणि ज्या संघाचं वाचायचं आहे त्याची अकरा नावं आधी वहीत लिहून घ्या.

मी वर्गणी पुढे चालू ठेवली आहे, या वेळी माझ्या पैशांनी. व्हॉली बाकी आहे. युद्धात जखमी होऊन आला आणि बंदी उठल्यावर १९१९ च्या हंगामात युनायटेडकडून पुन्हा खेळला. वहीत त्या हंगामातली नावं उतरवून झाली आहेत, उद्या संध्याकाळी सप्टेंबरपासून सुरुवात करतो.